पेशंटला सवय सोडायला सांगायचं कसं? माझं तर पालथ्या घड्यावर पाणी चाललंय

सकाळपाळी_सिस्टर

नमस्कार मंडळी, मी मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, चार वर्षं झाली. इंजेक्शन, सलाईन, इमर्जन्सी यात आता हात बसलाय पण एक गोष्ट अजून जमत नाही, ती म्हणजे पेशंटशी त्याच्या सवयींबद्दल बोलणं. सिगारेट, दारू, जागचं न हलणं, बरं वाटलं की गोळ्या बंद करणं, सगळंच आलं त्यात.

मागच्या आठवड्यातलंच सांगते. एक काका आहेत, साठीच्या आसपास, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट धापेचा आजार), वर्षात तिसऱ्यांदा ॲडमिट. आले तेव्हा धाप एवढी की दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे. मी नेब्युलायझर लावता लावता सगळं ऐकवलं, फुप्फुसं कशी खराब होतात, काका आता तरी सोडा, घरच्यांकडे बघा वगैरे. ते आपले नंदीबैलासारखी मान हलवतायत, हो सिस्टर, बरोबर आहे सिस्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या व्हायटल्सला (बीपी, नाडी, ताप बघायला) गेले तर बेड रिकामा, ऑक्सिजनची नळी उशीवर पडलेली, फ्लो तसाच चालू, आणि काका बाथरूमकडून भिंतीला धरून येतायत, अंगाला धुराचा वास. माझं डोकंच फिरलं, सगळ्या वॉर्डासमोर बोलले त्यांना, सून पण तिथेच उभी होती. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी बीपीचा पट्टा घेऊन आले की डोळे मिटून घ्यायचे, झोपेचं सोंग. हात मात्र बरोबर पुढे करायचे.

आणि दुसऱ्या एक बाई, शुगरच्या ओपीडीला मला टाकतात कधीकधी तिथल्या. घरी मशीनवर शुगर बघून वहीत लिहून आणतात. वहीत सगळं छान, ११०, १२०, १३०. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी) मात्र साडेनऊ, म्हणजे बरीच वाढलेली. नीट बघितलं तर पंधरा दिवसांचं लिखाण एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं, आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य. मी काही बोलले नाही पण चीड आली खूप.

तर तुम्ही लोक काय करता? रागावून होत नाही, गोड बोलून होत नाही, माहितीपत्रक दिलं तर बेडखाली सापडतं. का हे आपलं कामच नाही असं समजून सोडून द्यायचं?

---

जुनी_खोड

२६ वर्षं झाली या कामात, त्यातली शेवटची काही वर्षं फॉलोअपच्या ओपीडीत, म्हणजे दिवसभर हेच. आधी एक सांगते, तू जे केलंस ते मी निदान पंधरा वर्षं केलंय त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस.

मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की सिगारेट ओढणाऱ्याला ती वाईट आहे हे माहीत असतं. तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, धाप त्याला लागते. त्याच्या मनात कायम दोन माणसं भांडत असतात, एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो राहू दे. आपण जाऊन पहिल्याची बाजू घेतो ना, की त्या बिचाऱ्याला दुसऱ्याची बाजू घ्यावीच लागते. "सोडा" म्हणलं की "अहो पण टेन्शन असतं", "चाला रोज" म्हणलं की "अहो पण गुडघे". मग आपण अजून जोर लावतो, तो अजून कारणं देतो, आणि दहा मिनिटांत त्याने स्वतःच्याच तोंडाने न सोडण्याची सगळी कारणं पाठ करून घेतलेली असतात. माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो ते त्याला पटत जातं. हे माझं डोकं नाही, विल्यम मिलर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी दारूच्या पेशंटबरोबर काम करता करता १९८३ साली हे मांडलं, पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर त्याची पद्धत बसवली, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. नाव जड आहे पण गाभा एवढाच की बदलाचं बोलणं पेशंटच्या तोंडून यायला पाहिजे, आपल्या नाही.

करायचं कसं ते एका उदाहरणाने सांगते. एक ड्रायव्हर होते माझ्याकडे, बीपी कायम वर, दिवसाला वीसेक सिगारेटी. मी पहिल्यांदा विचारलं, "सिगारेटबद्दल जरा बोललं तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा." आधी परवानगी. हे एक वाक्य बोलायला तीन सेकंद लागतात पण समोरच्याचे खांदे खाली येतात, मी बघितलंय. मग विचारलं, "सिगारेटचं तुम्हाला काय आवडतं?" ते बघतच राहिले, सिस्टर असं कसं विचारते. म्हणाले रात्री गाडी चालवताना सोबत असते. मी म्हणलं, "म्हणजे एकटेपणात ती सोबत आहे." बस. त्यांचंच वाक्य परत त्यांना दिलं. मग थोडं थांबून तेच म्हणाले, "पण नातवाला जवळ घेतलं की तो नाक दाबतो." हे मी सांगितलं असतं की नातवासाठी सोडा, तर मान हलवली असती आणि गेले असते.

मग आकडा विचारायचा. "सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १०?" ते म्हणाले ४. आता इथे सगळे चुकतात, मीही चुकायचे. आपण विचारतो "फक्त ४ च का?" आणि मग तो न सोडायची कारणं देतो. विचारायचं उलटं, "४ का? २ का नाही?" मग त्याला ४ ची बाजू मांडावी लागते. दुसरा आकडा जमेल असं किती वाटतं याचा. महत्त्व ९ आणि जमेल असं वाटणं २ असेल तर त्या माणसाला धोके सांगून उपयोग नाही, तो आधीच घाबरलेला आहे, त्याला रस्ता पाहिजे. माझ्या अनुभवात आपण ज्यांना ऐकवत असतो त्यातले निम्मे असले असतात.

एवढं करून त्या दिवशी त्यांनी सोडली नाहीच. पुढच्या वेळी आले तेव्हा दिवसाला १२ सिगारेटींवर आले होते, आणि हे त्यांनी मी न विचारता सांगितलं.

---

तीस_पेशंट_दोन_स्टाफ

वाचायला छान वाटलं ताई, खोटं नाही सांगत. पण हे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं आहे. तुमच्याकडे ओपीडीत खुर्ची आहे, टेबल आहे, पेशंट समोर बसतो. वॉर्डात माझ्या एका हातात औषधाची ट्रॉली, तिकडे सलाईन संपली म्हणून नातेवाईक ओरडतायत, डॉक्टर राउंडला आलेत, आणि मी विचारू की सिगारेटचं तुम्हाला काय आवडतं?

मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. वेगळा वेळ काढायचाच नाही. हात कामात असताना बोलायचं. ड्रेसिंग करताना, पट्टा फुगताना (फुगत असताना त्याला बोलायला लावू नका, रीडिंग चुकतं, सोडल्यावर बोला), कॅन्युला काढताना. पेशंट पण मोकळा बोलतो कारण तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत नसता. आणि तीनच गोष्टी. ओढता का, एवढं विचारायचं. एक वाक्य स्पष्ट सांगायचं की सोडलीत तर तुमच्या या आजाराला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडेल. आणि मदत आहे, पाहिजे असेल तर डॉक्टरांना आजच सांगते. संपलं. दोन मिनिटं पण नाही लागत.

आणि दोन मिनिटांनी काय होणार असं म्हणू नका. कुणाच्या मदतीशिवाय सोडायला गेलेल्या शंभरातले दोन-तीन जणच वर्षभर टिकतात आणि डॉक्टरांच्या नुसत्या थोडक्या सल्ल्याने त्यात अजून एक ते तीन जणांची भर पडते असं अभ्यासांमधून दिसलंय. आकडा लहान आहे पण वर्षाला किती पेशंट हाताखालून जातात बघा. केसपेपरवर लिहून ठेवायचं मात्र विसरू नका म्हणजे पुढच्या ड्युटीवालीने परत पहिल्यापासून सुरू करायला नको. एकाच पेशंटला तीन पाळ्यांतल्या तिघींनी तेच लेक्चर दिलेलं बघितलंय मी, चौथ्या दिवशी त्याने डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी निघून गेला.

---

सुटलेला_माणूस

मी नर्स नाही, पेशंट. म्हणजे होतो. १९ वर्षं ओढली, आता सहा वर्षं बंद आहे. इकडे सहज आलो वाचत वाचत तर म्हणलं पलीकडच्या बाजूचं पण लिहावं.

मला आयुष्यात सगळ्यांनी सांगितलं सोड म्हणून. आई, बायको, ऑफिसातले, तीन डॉक्टर. फरक एका सिस्टरने पाडला आणि तिने सोडा असं म्हणलंच नाही. मी छातीत दुखतं म्हणून भरती होतो. तिने विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?" मी खरं सांगितलं की पांघरुणातून बाहेर यायच्या आधी. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती म्हणाली पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर शरीर निकोटिनवर बरंच अवलंबून आहे, हे तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही, रात्रभरात निकोटिन उतरतं म्हणून सकाळी एवढी ओढ लागते. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की मी नालायक नाही. हसाल तुम्ही, पण डोळ्यात पाणी आलं होतं.

मग निकोटिनचा गम दिला. तो मी आधी एकदा घेऊन फेकला होता, कारण च्युइंगगमसारखा कचाकचा चघळला, उचक्या लागल्या, मळमळलं, म्हणलं यापेक्षा सिगारेट बरी. हिने समोर बसून दाखवलं. हळूहळू चावायचा, तिखट झिणझिण लागली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, झिणझिण गेली की परत दोन-चारदा चावायचा, असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या बाजूने शोषलं जातं, गिळलं की पोटात जाऊन नुसता त्रास. आणि उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा लागतो, मी आधी २ चा आणला होता. हे आधीच्या कुणी सांगितलंच नव्हतं हो! सगळे सांगायचे सिगारेट वाईट. ते पाकिटावर पण लिहिलेलं असतं.

अजून एक, तलफ आली की घड्याळ बघायला सांगितलं होतं. पाचेक मिनिटांत तिचा जोर ओसरतो, परत येते पण ओसरते हे कळलं की तेवढी भीती वाटत नाही. मी पहिले काही दिवस मनगटाकडे बघत बसायचो, सेकंद काटा मोजत.

मधे दोनदा घसरलो. एकदा तर चार महिन्यांनी. वजन पण वाढलं, पाच किलो, ते कुणीच आधी सांगत नाही.

सकाळपाळी सिस्टर, तुमच्या काकांबद्दल एक सांगू का, राग मानू नका. सुनेसमोर बोललात ना, ते लागलं असणार त्यांना. सिगारेटबद्दल बोलल्याचं नाही लागत, आम्हाला सवय असते. सुनेसमोरचं लागतं.

---

रोखठोक_७१

एवढं लाडीगोडी कशाला लावायची. कॅन्सरचे फोटो दाखवा, आयसीयूत एक चक्कर मारून आणा, आपोआप सुटते. लोकांना भीतीशिवाय कळत नाही.

---

जुनी_खोड

रोखठोक, काही जणांना भीतीने सुटते, नाकारत नाही, हार्ट अटॅक येऊन गेल्यावर त्याच दिवसापासून बंद केलेले पेशंट आहेत माझ्याकडे. पण ती भीती त्यांची स्वतःची होती. आपण दाखवलेल्या भीतीबरोबर "हे जमेल, असं करा" नसेल तर माणूस फोटोकडे बघायचंच बंद करतो. आणि घाबरलेला ओढणारा माणूस घाबरल्यावर काय करतो? सिगारेट पेटवतो.

---

सकाळपाळी_सिस्टर

थँक्यू सगळ्यांना, एवढं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. सुटलेला माणूस, राग कसला, बरोबर आहे तुमचं. काल त्यांच्याकडे गेले, सून नसताना, आणि म्हणलं काका त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलंच माझं. ते म्हणाले जाऊ दे. डोळे उघडे ठेवून म्हणाले तेवढं बरं वाटलं.

मग हिंमत करून आकडा विचारला. ० ते १०. काका म्हणाले, "शून्य." सरळ. माझ्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं ताई, तुमचं ४ का २ का नाही इथे बसतच नाही ना! मी बरं म्हणून टेम्परेचर लिहिलं आणि निघून आले. आता काय?

---

जुनी_खोड

अगं शून्य म्हणाले म्हणजे तुझ्याशी खरं बोलले. आधी "हो सिस्टर" म्हणत होते, ते खोटं होतं. मी तर याला प्रगती म्हणेन.

शून्यवाल्याला ढकलायचं नाही. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्यांवरच अभ्यास करून बदलाचे हे टप्पे मांडले, विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी, प्रत्यक्ष कृती, आणि मग टिकवणं. टप्प्यांवर टीका पण झाली आहे, माणूस काही जिन्यासारखा एकेक पायरी चढत नाही, पण आपल्याला एक गोष्ट त्यातून मिळते, ज्याचा विचारच नाही त्याला सोडायची तारीख विचारली की तो अजून लांब जातो. त्याला विचार, "काय झालं तर तुमचा शून्याचा एक होईल?" आणि गप्प बस. खरंच गप्प, मनात दहा आकडे मोज. काही नाही म्हणाले तर "ठीक आहे, निर्णय तुमचाच आहे, कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे" म्हणून पुढच्या बेडला जा. दार उघडं ठेवलंस एवढं पुरे.

आता दुसरं, आणि हे मी पहिल्याच पोस्टला लिहायला हवं होतं. काका बाथरूममध्ये गेले ती वेळ बघ. ॲडमिशनच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, काही तासांतच विथड्रॉवल (ते न मिळाल्याचा त्रास) सुरू होतो, चिडचिड, बेचैनी, झोप नाही, आणि सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो, मग तीन-चार आठवड्यांत उतरत जातो. म्हणजे ते अगदी शिखरावर होते आणि आपण त्यांना समजावत होतो. धाप लागलेला माणूस ऑक्सिजन काढून भिंतीला धरत जातो म्हणजे केवढी ओढ असेल विचार कर. ॲडमिशनच्या वेळी जशी आपण ॲलर्जी विचारतो तसं ओढता का, उठल्यावर पहिली किती वेळात, हे विचारून डॉक्टरांकडून त्याच दिवशी निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) नाहीतर गम लिहून घ्यायचा. सोडायला तयार असो वा नसो. "सोडा" नाही म्हणायचं, "इथे आहात तोवर त्रास कमी व्हावा म्हणून" म्हणायचं. बऱ्याच जणांना इथले चार-पाच दिवस बरे जातात आणि मग तेच म्हणतात इतके दिवस निघाले की.

ऑक्सिजनबद्दल मात्र कडक राहा, तिथे गोड बोलणं नाही. ऑक्सिजन चालू असताना उशी, चादर, केस, कपडे सगळ्यात तो भरून राहतो आणि एका ठिणगीने भडका उडतो, चेहरा भाजलेला पेशंट मी बघितलाय. हे रागाने नाही, सरळ सांगायचं आणि सुनेला पण सांगायचं, कारण घरी ऑक्सिजन लागला तर तोच धोका घरी आहे. नळी काढली तर फ्लो बंद करायला शिकव.

---

शुगरची_वही

मी डायबेटिस एज्युकेटर आहे, मूळची नर्सच. तुझ्या शून्यवाल्या वहीबद्दल लिहिते कारण सगळे सिगारेटवरच गेले.

त्या वह्या मी शेकड्याने बघितल्यात. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं नाहीत ती गं, मार्कांना घाबरणारी आहेत. वहीत २८० दिसलं की आपण काय करतो? "अरे बापरे, काय खाल्लंत?" दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा १३० येतात. म्हणजे वही आपणच खोटी करायला शिकवली. मी आता वही घेतली की आधी म्हणते, "बोट टोचून टोचून लिहिलंत, कंटाळवाणं काम आहे." मग विचारते, "यातला कुठला आकडा लिहायला नको वाटतो?" बहुतेक वेळा थोडं हसतात आणि खरं बाहेर येतं. एका आजोबांनी पिशवीतून दुसरी वही काढली होती, खरी, ती घरी ठेवायचे आणि ही दाखवायची! एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं त्यामुळे लपत काहीच नाही, पण तो कागद पुढे करून "पकडलं" केलंस तर पुढच्या वेळी बाई येणारच नाहीत. वाढलेला आकडा म्हणजे औषध किंवा वेळ बदलायची माहिती, एवढंच सांगायचं. आणि मशीनमध्ये मेमरी असते, वहीऐवजी मशीनच आणा म्हण, पण ते दोन भेटींनंतर, विश्वास बसल्यावर.

दुसरं म्हणजे एकावेळी एकच. आपण डिस्चार्जला गोड बंद, मीठ कमी, रोज चाला, पायाची काळजी, वजन, गोळ्या वेळेवर, सगळं एका दमात सांगतो आणि वर विचारतो "समजलं ना?" कोण नाही म्हणणार. त्यापेक्षा विचारायचं, "घरी गेल्यावर मुलीला काय सांगाल, मला सांगून दाखवा बरं." त्यात कळतं काय पोचलं. आणि परीक्षा वाटू नये म्हणून "मी नीट सांगितलं का ते बघायचंय" म्हणायचं. मग त्यातलं एक त्यांनाच निवडू द्यायचं. एक बाई म्हणाल्या रोज चालेन. मी म्हणलं कधी? "वेळ मिळेल तेव्हा." असलं कधीच होत नाही. त्याला खुंटी लागते ज्याला ते अडकवता येईल, म्हणजे "रात्रीची भांडी झाली की हात पुसून चपला घालायच्या". बस, चपला घालायच्या एवढंच ठरलं. पहिल्या आठवड्यात दारापर्यंत जाऊन परत आल्या म्हणे दोनदा, पण चपला घातल्या. आता अर्धा तास चालतात. आठवड्याला १५० मिनिटं हा आकडा मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलाच नव्हता, घाबरल्या असत्या.

आणि ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे फॉरवर्ड येतात ते पेशंटला सांगू नका प्लीज. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०१० चा अभ्यास आहे, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. २२ व्या दिवशी जमलं नाही की लोकांना वाटतं आपल्यातच खोट आहे. एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही हे पण त्यातच दिसलंय, ते सांगा.

---

कायमची_रात्रपाळी

एक महत्त्वाचं राहिलं म्हणून मधे घुसते. दारूबद्दल कुणाला "आजपासून एकदम बंद" असं सांगू नका, निदान रोज भरपूर पिणाऱ्याला तरी नाही. सिगारेट एकदम सोडली तर त्रास होतो, दारू एकदम बंद झाली तर माणूस जाऊ शकतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, झोप नाही, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, भिंतीवर किडे दिसणं, सलाईन ओढून काढणं. रात्री दोन वाजता चारजण धरायला लागतात. कित्येकदा तो पेशंट पडून हाड मोडलं म्हणून आलेला असतो आणि दारूचं कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून ॲडमिशनला विचारायचं, आणि विचारताना "पिता का?" नाही. "शेवटची कधी घेतली होती?" असं विचारलं की लोक पटकन वेळ सांगतात. चेहरा बदलू द्यायचा नाही आपला. तो काय सांगतोय यापेक्षा तुमच्या भुवया कुठे गेल्या ते तो बघत असतो. रोजची आहे कळलं की डॉक्टरांना लगेच सांगायचं, औषधाखाली उतरवतात ते, आणि बाकीचं बोलणं थरथर थांबल्यावर. नशेत किंवा विथड्रॉवलमध्ये असलेल्या माणसाशी नातवाबिताचं बोलून काही होत नाही.

---

तीस_पेशंट_दोन_स्टाफ

रात्रपाळी + १००. आणि जुनी खोड ताई, ते दुसऱ्या सकाळचं गणित माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, इतकी वर्षं बाथरूमच्या दाराशी उभं राहून लोकांना पकडतेय मी. उद्यापासून ॲडमिशनच्या कागदावर पेनने लिहायला लागणार, छापील रकाना येईल तेव्हा येईल.

---

सकाळपाळी_सिस्टर

काकांना आज डिस्चार्ज मिळाला. आकडा परत विचारला नाही. पॅच कालपासून लावलाय, सरांना सांगून लिहून घेतला, त्यावर काकांचं म्हणणं "खाज येते". सुनेला ऑक्सिजनचं सांगितलं, नळी, फ्लो, सगळं करून दाखवून तिच्याकडून करून घेतलं. जाताना बाकी काही बोलले नाहीत. आमच्याकडे आता डिस्चार्जनंतर फोन करायची पद्धत सुरू झाली आहे, यादीत मी माझं नाव टाकलंय त्यांच्यापुढे. पण फोनवर विचारू काय? "ओढताय का" विचारलं की "नाही" येणार हे मला माहिती आहे.

---

जुनी_खोड

पॅचची खाज नेहमीची तक्रार आहे, रोज जागा बदलायला सांग, कोरड्या आणि केस नसलेल्या कातडीवर, आज डावा दंड तर उद्या उजवा. लाल होऊन सुजत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि पॅच लावून एखादी ओढली म्हणून घाबरून पॅच काढून टाकू नका हे पण सांग, लोक तेच करतात, पॅच काढतात आणि सिगारेट चालू ठेवतात.

फोन आठवड्याच्या आत कर, घसरण बहुतेक तेव्हाच होते. पहिला प्रश्न धापेचा, जिना चढता येतोय का, रात्री झोप लागते का. मग पॅचच्या खाजेचं, म्हणजे तुला त्यांचं बोलणं आठवतंय हे कळेल. त्यानंतर "सगळ्यात अवघड वेळ कुठली जाते दिवसातली?" असं विचार. या प्रश्नाला ओढणारा आणि न ओढणारा दोघंही खरं उत्तर देऊ शकतात. ओढली म्हणाले तर "अरेरे" करू नकोस, "त्याच्या आधी किती तास निघाले?" विचार. आणि फोन सुनेच्या नंबरवर लावू नकोस, केसपेपरवर बहुतेक तिचाच असेल, काकांचा वेगळा शोधून काढ.